ठराव आणि अंमल : बिरवाडीतून दिसणारा महाड मतदारसंघ

एखाद्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायचा म्हटले की हातात पहिल्यांदा येते ती विजयी उमेदवारांची यादी. कोणत्या साली कोण, कोणत्या पक्षाचा, किती मतांनी. महाड मतदारसंघाचीही तशी यादी आहे आणि ती या लेखनात आपल्या जागी येईलच. पण तिच्यावरून येथील राजकारण समजू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचे राजकारण मतपेटीच्या कितीतरी आधी सुरू झाले आहे आणि मतपेटी आल्यानंतरही त्याचा बराचसा भाग तिच्या बाहेरच घडत राहिला आहे.

म्हणून हा इतिहास बिरवाडीत उभे राहून लिहावा असे मला वाटले. महाड शहराला स्वतःचा मोठा, देशभर माहीत असलेला इतिहास आहे. त्या प्रकाशात आसपासची गावे झाकली जातात. बिरवाडी मुंबई-गोवा महामार्गापासून आत, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ नदीच्या काठी आहे. एका बाजूला महाडची औद्योगिक वसाहत गावाच्या दारात येऊन थांबलेली. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्या आणि कोंड, जिथले लोक बाजाराला, दवाखान्याला, बँकेला, शाळेला बिरवाडीतच उतरतात. रासायनिक कारखान्यात कंत्राटावर जाणारा तरुण आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी घेणारी म्हातारी हे दोघेही एकाच मतदान केंद्राबाहेर रांगेत उभे राहतात, असे हे ठिकाण. या मतदारसंघाचे सगळे ताण येथे एका गावात भेटतात.

या लेखनाचे सूत्र मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. महाड-पोलादपूरच्या माणसाला ठरावांचा तोटा कधीच नव्हता. पाणी सर्वांचे आहे असा ठराव झाला, जमीन कसणाऱ्याची आहे असा कायदा झाला, दरडीखालच्या गावाला घरे मिळतील अशी घोषणा झाली. प्रश्न नेहमी त्यापुढचा होता: ठरावाचा अंमल कोण करणार आणि तो किती वर्षांनी होणार. येथील प्रत्येक मोठी चळवळ आणि प्रत्येक खरी निवडणूक या मधल्या अंतराबद्दल होती. म्हणून पुढील प्रकरणांत शक्य तिथे दोन तारखा दिल्या आहेत: गोष्ट कागदावर आली ती, आणि माणसाच्या हाती लागली ती.

सुरुवात कोठून करायची हा प्रश्न सोपा नव्हता. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ही सरकारी सुरुवात झाली. मी मागे जाऊन १८९५ पाशी थांबलो. त्या वर्षी महाड तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबा वलंगकर यांची नेमणूक झाली. वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले, महात्मा फुल्यांच्या विचारांचे. अस्पृश्यतेच्या धर्माधाराला जाहीर प्रश्न विचारणारी ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका १८८८ ची. अशा माणसाने बोर्डात इतरांच्या शेजारी बसावे हे तालुक्यातल्या वरच्या जातींच्या मंडळींना सहन झाले नाही आणि त्यावर मोठा गहजब झाला. नेमणुकीचा कागद सरकारचा होता. खुर्चीवर बसू द्यायचे की नाही, हे मात्र गाव ठरवू पाहत होते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा झगडा या प्रसंगात आधीच दिसतो. म्हणून माझ्या लेखी या मतदारसंघाच्या इतिहासाचे पहिले पान ते आहे.

त्यानंतर येतो चवदार तळ्याचा लढा. त्याच्यावर विपुल लिहिले गेले आहे. तरीही येथे त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्याची राजकीय बाजू, म्हणजे नगरपालिका, ठराव, बहुमत आणि न्यायालय यांची बाजू, अनेकदा घाईने ओलांडली जाते. क्रम असा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील चवदार तळे त्यानुसार सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सुरबानाना म्हणत, ते या नगरपालिकेचे पुढारी. ठराव झाला, आणि तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी प्यायला जाऊ शकला नाही. गाईम्हशींना मज्जाव नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली ती या पार्श्वभूमीवर. परिषद महाडला घ्यावी यासाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे याच मातीतले, दासगावच्या परिसरात वाढलेले. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. अनंतराव चित्रे आणि टिपणीस सोबत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी लोकांनी नवा हक्क मागितला नव्हता. नगरपालिकेने आधीच मान्य केलेल्या ठरावाची अंमलबजावणी त्यांनी स्वतः केली होती. त्याचे उत्तर लाठ्याकाठ्यांनी मिळाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा लावून न्यायालयातून मनाई हुकूम आणला गेला. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी आपल्या जमिनीवर दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा खालून वर चढत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याच्या बाजूने निकाल दिला. कौन्सिलच्या ठरावापासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली. महाडच्या जुन्या पिढीत कोर्टकचेरीविषयी जो धीर आणि जो अविश्वास एकाच वेळी आढळतो, त्याचे मूळ मला या वर्षांत दिसते.

त्याच १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. आंबेडकरांनी आदल्या वर्षी स्थापलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे टिपणीस आणि चित्रे विधिमंडळात गेले. तळ्यावर बरोबर चाललेली माणसे आता सभागृहात एका बाकावर होती, आणि तेथे त्यांनी पाण्यापाठोपाठ जमिनीचा प्रश्न घेतला. दक्षिण कुलाब्यात आणि रत्नागिरीत खोती होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. सारा गोळा करणारा, पण व्यवहारात गावाचा धनी. कुळाने पिकवलेल्या धान्याचा मोठा वाटा त्याच्याकडे जाई, शिवाय वेठ. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. कुणबी, मराठा, महार कुळे एका मागणीखाली एकत्र आल्याचे ते दृश्य या जिल्ह्यांत पुन्हा सहसा दिसलेले नाही. विधेयक संमत झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा आला १९४९ मध्ये, आणि कुळाला जमिनीचा मालक करणारा कृषकदिन ठरला १ एप्रिल १९५७. पुन्हा दोन तारखा, मध्ये वीस वर्षे.

खोत गेले तरी त्यांचे वाडे, त्यांची आमराई आणि गावकीच्या बैठकीतली त्यांची जागा एका दिवसात गेली नाही. पण सातबाऱ्यावर कुळाचे नाव लागले आणि त्याच्या मुलाला सरपंचपदाला उभे राहण्याची हिंमत आली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांचा इतिहास येथून वाचावा लागतो.

स्वातंत्र्यलढ्यात महाडचे नाव १० सप्टेंबर १९४२ च्या मोर्चाने घेतले जाते. नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली खेड्यापाड्यांतले लोक महाडच्या कचेरीवर चालून गेले. गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. संयुक्त महाराष्ट्राचे पर्व त्याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी होते चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री. त्यांचा जन्म रायगडाच्या पायथ्याजवळचा, महाड तालुक्यातल्या नाते गावचा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ ला, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. प्रतापगड सातारा जिल्ह्यात मोडतो, पण तो पोलादपूरच्या डोक्यावर उभा आहे. पोलादपूरच्या माणसासाठी मुंबई महाराष्ट्रात असणे हा भावनेइतकाच भाकरीचा विषय होता, कारण त्याच्या घरचा एक तरी माणूस मुंबईत गिरणीत होता.

काँग्रेसच्या दीर्घ काळाबद्दल मी थोडक्यात लिहिले आहे. महाडचे शंकरराव सावंत १९७१ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले. शेजारच्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. रायगड किल्ला महाड तालुक्यात, त्यामुळे नामांतराचा अभिमान येथे सर्वाधिक. जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात शेतकरी कामगार पक्ष हा काँग्रेसचा खरा प्रतिस्पर्धी होता. अलिबाग-पेणची ती लाल परंपरा, चरीच्या संपातून आलेली, महाडच्या डोंगराळ भागात तितकी खोल कधी रुजली नाही. येथे विरोधाची जागा बराच काळ समाजवादी आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांनी सांभाळली. ती जागा पुढे दुसऱ्याच कोणीतरी भरून काढली.

ते समजून घ्यायला मुंबईत जावे लागते. महाड-पोलादपूरची वाडी आणि लालबाग-परळची खोली हे एकच घर होते. पुरुष मुंबईत, बायका आणि म्हातारी माणसे गावाला. २०११ च्या जनगणनेतही पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती आणि दोन्ही तालुक्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक होती. शेती स्त्रिया करीत, पण गावाचे निर्णय मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत होत: देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, आणि मत कोणाला द्यायचे तेही. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले कार्यकर्ते या चाळींतलेच होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि नंतर गिरण्याच बंद पडत गेल्या. अनेक चाकरमानी गावी परतले आणि येताना शाखेची सवय, भगवा झेंडा आणि गाऱ्हाणे थेट पुढाऱ्यापर्यंत नेण्याची पद्धत घेऊन आले. गणपतीला, शिमग्याला एसटीने येणारा तरुण जे बोले, ते ओटीवर बसलेले आजोबा ऐकू लागले.

शिवसेनेचे प्रभाकर मोरे येथून विधानसभेत पोहोचले ते या बदलाच्या बळावर. घराण्याच्या, सहकारी कारखान्याच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या आधाराशिवाय, केवळ मुंबईतून आलेल्या संघटनेच्या जोरावर डोंगराळ मतदारसंघ जिंकता येतो हे येथे सिद्ध झाले. मला हा या मतदारसंघाच्या निवडणूक-इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. पक्ष बदलला यापेक्षा निर्णयाचे ठिकाण बदलले, हे त्यात महत्त्वाचे. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मुंबईच्या मंडळात स्त्रिया नव्हत्या. गावचे पाणी भरणारी, जंगलातून फाटी आणणारी बाई मतदान करी, पण ठरवीत नसे. पंचायतींमध्ये आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्यावर ही स्थिती हलू लागली. बिरवाडीच्या पंचक्रोशीत आज महिला सरपंचांचे नवल राहिलेले नाही. त्यातल्या किती जणी स्वतः निर्णय घेतात हा प्रश्न अजून खुला आहे.

२००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे माणिक जगताप यांनी मोरे यांचा पराभव केला. २००९ मध्ये शिवसेनेचे भरत गोगावले आले आणि २०१४, २०१९, २०२४ असे सलग निवडून येत राहिले. जगताप पुढे काँग्रेसमध्ये गेले. २०१९ ची त्यांची लढत एकवीस हजारांहून थोड्या अधिक मतांनी हुकली. जुलै २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या स्नेहल जगताप महाडच्या नगराध्यक्षा होत्या. १९२४ चा ठराव ज्या नगरपालिकेत झाला, तिच्या प्रमुखपदी एक तरुण स्त्री बसली होती, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या उमेदवार म्हणून त्यांनी गोगावले यांना टक्कर दिली आणि सुमारे सव्वीस हजार मतांनी त्या हरल्या. नंतर त्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेल्या. म्हणजे दोन्ही बाजूंचे पक्ष, चिन्हे, मित्रपक्ष बदलत राहिले आणि लढत तीच राहिली. येथील मतदार आधी माणूस पाहतो, मग निशाणी. लग्नाला आला का, दवाखान्यात फोन केला का, साकव मंजूर केला का.

याच मतदारसंघाच्या आमदाराचे नाव देशाच्या घटनात्मक इतिहासात जाईल असे कोणाला वाटले नसते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. एकनाथ शिंदे यांच्या गटाने ठराव करून गोगावले यांना मुख्य प्रतोद नेमले, आणि विधानसभा अध्यक्षांनी त्यांना मान्यता दिली. उद्धव ठाकरे यांच्या बाजूने प्रतोद होते सुनील प्रभू. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अध्यक्षांची ती मान्यता बेकायदा ठरवली. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटच खरी शिवसेना असल्याचा निर्णय देऊन गोगावले यांची नेमणूक वैध मानली. पक्षांतराच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही आता या नावाशी थांबावे लागते. ठराव कोणाचा आणि त्याला बळ कोठून येते, हा महाडचा जुनाच प्रश्न या वेळी दिल्लीच्या न्यायासनापुढे गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये गोगावले कॅबिनेट मंत्री झाले. त्यांच्याकडे आलेली खाती, रोजगार हमी, फलोत्पादन आणि खारभूमी विकास, कोकणाच्या पोटापाण्याची आहेत. १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेनेच तर येथल्या ओसाड वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी केली.

आता डोंगराकडे वळतो. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडीवते येथे दरडी कोसळून महाड-पोलादपूर परिसरात दीडशेहून अधिक माणसे गेली. दासगावच्या दरडग्रस्तांनी वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये खुला झाला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी पडल्या. तळियेचे लोक बाजाराला बिरवाडीच्याच पंचक्रोशीत येणारे. पूल दहा महिन्यांत उभा राहतो आणि गावाचे पुनर्वसन वर्षे खाते, या फरकाची चिकित्सा या लेखनात सविस्तर केली आहे. माझे मत असे की महामार्गावरच्या पुलाची निकड मुंबईला जाणवते, डोंगरातल्या वाडीची जाणवत नाही. राजकारणाची खरी परीक्षा वाडीपाशी आहे.

औद्योगिक वसाहतीची गोष्टही या परीक्षेतली आहे. जमिनी गेल्या, नोकऱ्या आल्या, कायम नोकऱ्या कमी होऊन कंत्राटी वाढल्या. सावित्रीत मासेमारी करणाऱ्यांनी सांडपाण्याविरुद्ध आवाज उठवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वसाहतीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार दगावले. बिरवाडीच्या माणसाला कारखाना हवाही आहे आणि त्याची भीतीही आहे. या दुहेरी भावनेला शब्द देणारा पक्ष येथे अजून उभा राहिलेला नाही, असे माझे निरीक्षण आहे.

शेवटी नकाशाबद्दल. २००८ च्या पुनर्रचनेआधी रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेत श्रीवर्धन, माणगाव आणि महाड असे तीन मतदारसंघ होते. जिल्ह्याच्या सात जागा कायम राहिल्या, पण उत्तरेत लोकसंख्या वाढल्यामुळे उरण हा नवा मतदारसंघ झाला आणि दक्षिणेतला माणगाव नाहीसा झाला. सुनील तटकरे ज्या माणगावातून तीनदा निवडून आले, त्याचा काही भाग महाडला जोडला गेला. म्हणूनच लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि गोरेगाव-वडघरचे साने गुरुजी स्मारक आज महाडच्या आमदाराच्या क्षेत्रात येतात. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदावर सुनील तटकरे यांच्या कन्या आदिती तटकरे यांची नियुक्ती झाली आणि गोगावले समर्थकांच्या विरोधानंतर दुसऱ्याच दिवशी तिला स्थगिती मिळाली. त्या वादाची मुळे या बदललेल्या सीमांतही शोधता येतात.

विधानसभेच्या जागांच्या संख्येवर घटनेने घातलेले बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. तेव्हा पुन्हा माणसे मोजली जातील आणि पुन्हा सीमा आखल्या जातील. पनवेलची लोकसंख्या वाढते आहे, पोलादपूरच्या वाड्यांतली दारे बंद होत आहेत. मतदारयादीत नाव गावाला आणि राहणे विरार-दिव्याला, असा मतदार कोठे मोजायचा, याचे उत्तर पुढच्या पुनर्रचना आयोगाला द्यावे लागेल. तोपर्यंत महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या वाट्याला, माणगावच्या त्या भागासह, एक आमदार आहे, आणि त्याच्याकडे नेण्याच्या कामांची यादी बिरवाडीच्या कोणत्याही ग्रामसभेत तयार असते: वरंधचा रस्ता, उन्हाळ्यातले टँकर, उरलेल्या दरडप्रवण वाड्यांचे स्थलांतर.